अ‍ॅलिस माँटेरेला पोहोचतच नाही, मग ही नवी सुरुवात कोणती?

सावली_उन्हातली (धागाकर्ती)

मार्टिन स्कॉर्सेसी यांचा 1974 चा 'अ‍ॅलिस डझन्ट लिव्ह हिअर एनीमोअर' हा चित्रपट मी गेल्या आठवड्यात दुसऱ्यांदा पाहिला. वीस वर्षांपूर्वी, लग्नाआधी, पाहिला होता तेव्हा तो एका धाडसी बाईचा चित्रपट वाटला होता. या वेळी शेवट पाहून मात्र मी अस्वस्थ झाले, म्हणून हा धागा काढत आहे.

ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. न्यू मेक्सिकोमधील सोकोरो या लहान गावात राहणारी पस्तिशीतली अ‍ॅलिस हाइट हिचा नवरा कोकाकोलाचा ट्रक चालवतो आणि एके दिवशी अपघातात मरतो. हाताशी जेमतेम पैसे, अकरा-बारा वर्षांचा जिभेने तिखट मुलगा टॉमी, आणि लग्नाआधी गायिका असल्याची आठवण एवढ्या भांडवलावर ती घरातले सामान विकून, जुन्या गाडीतून कॅलिफोर्नियातील माँटेरे या आपल्या माहेरगावी निघते. वाटेत फिनिक्स येथे तिला एका बारमध्ये गाण्याचे काम मिळते, पण बेन नावाच्या माणसामुळे तिला तेथून पळ काढावा लागतो. टूसॉनमध्ये ती एका खानावळीत वाढप्याचे काम धरते आणि तेथे तिची डेव्हिड या घटस्फोटित पशुपालकाशी ओळख होते.

माझा प्रश्न असा आहे की, जी बाई गाण्यासाठी आणि माँटेरेसाठी निघाली, ती अखेरीस टूसॉनमध्ये, एका पुरुषाजवळ थांबते, आणि हे घडताना खानावळीतील गिऱ्हाइके टाळ्या वाजवतात. हिला नवी सुरुवात म्हणायचे, की जुन्याच संसाराची नवी शाखा?

तिरकस

गावी जायला निघून वाटेतच मुक्काम ठोकणाऱ्या माणसांना आमच्याकडे मुंबईकर म्हणतात.

गंमत बाजूला ठेवतो. चित्रपट पाहिलेला आहे आणि मला टॉमीच जास्त आवडला. गाडीत तो गोरिलाचा विनोद सांगून सांगून आईचे डोके उठवतो, तो प्रसंग पाहताना मला माझ्या धाकट्या चिरंजीवांची आठवण झाली आणि अ‍ॅलिसने त्याला गाडीतून उतरवले कसे नाही याचे आश्चर्य वाटले.

जुना_प्रेक्षक

धागाकर्तीने नेमक्या दुखऱ्या जागेवर बोट ठेवले आहे, कारण हा शेवट खुद्द चित्रपट करणाऱ्यांमध्येही वादाचा विषय होता. हा चित्रपट मुळात अ‍ॅलिसची भूमिका करणाऱ्या एलन बर्स्टिन यांच्यामुळे झाला. 1973 च्या 'द एक्झॉर्सिस्ट'च्या यशामुळे वॉर्नर ब्रदर्समध्ये त्यांच्या शब्दाला वजन आले होते, त्यांनी रॉबर्ट गेचेल यांची पटकथा निवडली आणि दिग्दर्शक कोण असावा हेही त्यांनीच ठरवले. दिग्दर्शक फ्रान्सिस कोपोला यांनी त्यांना स्कॉर्सेसी यांचा 'मीन स्ट्रीट्स' पाहायला सुचवले. तो चित्रपट न्यूयॉर्कमधील गुंड पोरांचा असल्यामुळे बर्स्टिन यांनी स्कॉर्सेसी यांना विचारले की तुम्हाला स्त्रियांबद्दल काय माहिती आहे, आणि त्यांनी उत्तर दिले की काहीही नाही, पण शिकायला आवडेल. हा किस्सा दोघांनीही अनेकदा सांगितलेला आहे.

स्टुडिओला सुखान्त हवा होता आणि सुखान्त म्हणजे बाई पुरुषाबरोबर असणे हे गृहीतच होते. बर्स्टिन यांचा कल अ‍ॅलिसने आपल्या वाटेने पुढे जावे याकडे होता. तडजोड म्हणून डेव्हिडच भर खानावळीत म्हणतो की मला या रँचची पर्वा नाही, सामान बांध, मी तुला माँटेरेला नेतो. म्हणजे सुखान्ताची अट पाळली गेली, पण झुकण्याची पाळी पुरुषावर आली. त्या टाळ्यांमध्ये मला नेहमी थोडी थट्टा ऐकू येते. स्कॉर्सेसी यांनी जणू जुन्या हॉलिवुडचा शेवट उघडपणे नाटकासारखा मंचावर मांडला आहे.

पटकथाप्रेमी

जुना_प्रेक्षक यांच्या शेवटच्या वाक्याला जोडून लिहितो, कारण त्या नाटकीपणाचे बीज पहिल्याच प्रसंगात आहे आणि त्याची दखल घेतल्याशिवाय शेवटाचा निकाल लावता येणार नाही.

निळ्या सॅटिनच्या कापडावर श्रेयनामावली येते आणि मागे जुन्या हॉलिवुडच्या गायिका-अभिनेत्री अ‍ॅलिस फे यांच्या आवाजात 'यू'ल नेव्हर नो' हे जुने गाणे वाजते. त्यानंतर 1930 च्या दशकातील चित्रपटांसारख्या चौकोनी चौकटीत, उघडपणे स्टुडिओत उभारलेल्या लालभडक सूर्यास्तात, एक छोटी मुलगी घराकडे चालत येते आणि मी अ‍ॅलिस फेपेक्षा चांगले गाऊ शकते असे, शिवीसकट, जाहीर करते. हे माँटेरे आहे. मग पडद्यावर '27 वर्षांनंतर' अशी अक्षरे येतात, चौकट रुंद होते, मॉट द हूपल या इंग्लिश बँडचे गाणे कानठळ्या बसवत सुरू होते आणि आपण सोकोरोच्या रखरखीत उन्हात येऊन पडतो.

म्हणजे दिग्दर्शकाने माँटेरे हे गाव प्रेक्षकाला खरे असे कधी दाखवलेलेच नाही. ते रंगवलेल्या पडद्याचे गाव आहे, आणि अ‍ॅलिसच्या स्मरणात तरी ते याहून वेगळे कोठे आहे? आठ वर्षांच्या मुलीने पाहिलेल्या चित्रपटांतून तयार झालेल्या गावाला पस्तिशीतली बाई पोहोचेल तरी कशी? त्यामुळे ती पोहोचली नाही याचे मला दुःख होत नाही. ती तेथे पोहोचली असती तर मात्र चित्रपट खोटा झाला असता.

मोगरा_आणि_कात्री

पटकथाप्रेमी, तुमचे विवेचन सुंदर आहे, पण ते पुरुषाचे विवेचन आहे असे म्हटल्यास राग मानू नये. बाईचे स्वप्न लहानपणीचे होते, म्हणून ते पोरकट होते, म्हणून ते सोडले हे बरे झाले, ही साखळी आम्ही घरोघरी ऐकलेली आहे. नवऱ्याने कॉलेजात पाहिलेले स्वप्न चाळिशीत पुरे केले तर त्याचा सत्कार होतो.

पटकथाप्रेमी

राग मुळीच नाही, आणि आरोपात तथ्य आहे. तरीही एक गोष्ट नोंदवतो. फिनिक्सच्या बारमधील प्रसंग पुन्हा पाहावा. अ‍ॅलिस पियानोशी बसून रॉजर्स आणि हार्ट यांचे 'व्हेअर ऑर व्हेन' गाते, कॅमेरा तिच्याभोवती फिरत राहतो, आणि तिचा आवाज साधा आहे. बर्स्टिन यांनी स्वतः गायले आहे. आवाज गोड आहे, थोडा कापरा आहे, पण थक्क करणारा नाही. निर्मात्यांना पार्श्वगायिका घेणे अवघड नव्हते, परंतु मग ती कथा दुर्लक्षित प्रतिभेची झाली असती. येथे ज्या बाईला गाणे आवडते आणि बऱ्यापैकी येते तिची कथा आहे, आणि अशा बाईलाही निघण्याचा हक्क आहे हे चित्रपटाचे म्हणणे मला पोरकट वाटत नाही.

टूसॉनची_केतकी

मी गेली अकरा वर्षे टूसॉनमध्ये राहते, त्यामुळे या धाग्यावर हजेरी लावणे माझे कर्तव्यच आहे. सर्वप्रथम नकाशा सांगते. फिनिक्स ते टूसॉन हे अंतर दोनशे किलोमीटरच्या आतले आहे, पण टूसॉन फिनिक्सच्या आग्नेयेला आहे आणि माँटेरे पश्चिमेला समुद्रकाठी. बेनपासून पळताना अ‍ॅलिस आपल्या गावाच्या विरुद्ध दिशेला जाते, ही गोष्ट मला येथे राहायला आल्यावर लक्षात आली आणि तेव्हापासून तो भाग अधिक बोचतो. घाबरलेला माणूस दिशा पाहत नाही, जवळचे दुसरे शहर पाहतो.

चित्रपटातील ऊन खरे आहे. अ‍ॅलिस आणि तिच्याबरोबर वाढप्याचे काम करणारी फ्लो या दोघी खानावळीच्या मागे चेहरे वर करून उन्हात बसतात तो प्रसंग जूनमध्ये करून दाखवावा असे माझे आव्हान आहे.

आता वाढपीपणाच्या पैशांविषयी, कारण अ‍ॅलिस तेथे गाणे सोडून का अडकते याचे अर्धे उत्तर त्यात आहे. अमेरिकेत हॉटेलमालकाला किमान वेतनाचा काही भाग गिऱ्हाइकांच्या टीपांतून वळता धरण्याची मुभा किमान वेतनाच्या कायद्यातील 1966 च्या दुरुस्तीने मिळाली आणि त्या काळी हा भाग निम्म्यापर्यंत असे. 1974 मध्ये संघीय किमान वेतन ताशी 2 डॉलर झाले, म्हणजे मालकाच्या खिशातून एक डॉलर निघाला तरी चालत होते, बाकीचे गिऱ्हाइकाच्या मर्जीवर. पुढे टीप मिळवणाऱ्यांसाठीचा संघीय आकडा 1991 मध्ये ताशी 2.13 डॉलर झाला आणि तो आजही तेवढाच आहे, अ‍ॅरिझोनासारखी काही राज्ये आपल्या कायद्याने जास्त देतात हे वेगळे. अशा कमाईत मोटेलचे भाडे आणि मुलाचे जेवण भागवून पुढच्या पल्ल्याच्या प्रवासासाठी पैसे साठवायचे म्हणजे काय ते समजून घ्यावे.

वकिली_बाणा

केतकीताईंच्या मुद्द्याला पूरक माहिती देतो. चित्रपट 1974 च्या डिसेंबरमध्ये प्रदर्शित झाला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी समान पतसंधी कायद्यावर सही केली. लिंगावरून किंवा वैवाहिक स्थितीवरून कर्ज वा उधारी नाकारण्यास त्या कायद्याने बंदी घातली. तोपर्यंत विवाहितेच्या अर्जावर नवऱ्याची सही मागणे, आणि विधवा किंवा घटस्फोटित स्त्रीची स्वतःची पत शून्य धरणे हे सर्रास चालत असे, कारण सगळे व्यवहार नवऱ्याच्या नावावर नोंदलेले असत. अ‍ॅलिस घरातले सामान अंगणात मांडून विकते आणि रोख पैसे घेऊन निघते, त्यामागे केवळ पटकथेची सोय नसून त्या काळचे वास्तव आहे. त्यामुळे 'ती थेट माँटेरेला का गेली नाही' या प्रश्नाचा एक भाग भावनेचा नसून हिशोबाचा आहे.

तिरकस

एकंदरीत असे दिसते की अ‍ॅलिसला पुरुषाने अडवले नाही, बँकेने अडवले. हा निष्कर्ष मला माझ्या गृहकर्जामुळे फार जवळचा वाटतो.

नवखी_रसिक

मी हा धागा वाचून काल रात्री चित्रपट पाहिला. बेनचा प्रसंग पाहून झोप लागली नाही. तोपर्यंत हार्वी कायटेल यांनी त्याला इतका गोड, आर्जवी तरुण म्हणून उभा केला आहे की त्याची बायको अ‍ॅलिसच्या दारात येऊन आपण त्याची बायको असल्याचे सांगते तेव्हाही मला वाटले की आता रडारड होईल आणि संपेल. त्याऐवजी तो दार फोडून आत येतो. मला जे खरे वाटले ते असे की अ‍ॅलिस त्याला उलट उत्तर देत नाही, काहीही फेकून मारत नाही. ती प्रत्येक गोष्टीला हो म्हणते आणि तो गेल्याबरोबर थरथरत्या हातांनी सामान भरू लागते.

माझा प्रश्न असा आहे की पुढे डेव्हिडही टॉमीला मारतो. मग चित्रपट डेव्हिडला माफ का करतो?

सावली_उन्हातली

नवखी_रसिक, तुमच्या प्रश्नाने माझी तक्रार अधिक नेमकी झाली. पहिला नवरा डोनाल्ड घरात दहशत ठेवतो, बेन जीव घ्यायला निघतो, आणि डेव्हिड मुलाच्या वाढदिवशी, त्याच्या गाण्यांच्या आवाजावरून झालेल्या वादात, त्याला फटका देतो. तिघांना एका रांगेत उभे केले तर डेव्हिड सर्वांत बरा आहे, पण रांग तीच आहे. 'सर्वांत बरा' मिळाला म्हणून टाळ्या वाजवाव्यात का?

मावशी_दादरच्या

मी या संकेतस्थळावर वाचते फार आणि लिहिते कमी, पण या विषयावर गप्प बसवत नाही.

माझे यजमान गेले तेव्हा मी सदतीस वर्षांची होते आणि मुलगा सहावीत होता. सासरी मला कोणी छळले नाही, उलट सगळे म्हणत की तुला काही कमी पडणार नाही, आणि त्या वाक्यातच मला काहीही करण्याची गरज नाही असा अर्थ होता. मी टंकलेखनाची परीक्षा पूर्वी दिलेली होती. एका कचेरीत तात्पुरते काम मिळाले तेव्हा मला वाटले की वर्षभरात पुढे शिकेन आणि ग्रंथपाल होईन, कारण ते माझे माँटेरे होते. मी ग्रंथपाल झाले नाही. त्याच कचेरीत चोवीस वर्षे काढली.

आता सावलीताईंनी विचारलेला प्रश्न मला कोणी विचारला असता, तर मी म्हटले असते की माझी नवी सुरुवात ग्रंथपाल होण्यात नव्हती. ती पहिल्या पगाराच्या दिवशी झाली, जेव्हा मी कोणालाही न विचारता मुलासाठी हिरव्या रंगाची सायकल घेतली आणि घरी येऊन सांगितले. सगळ्यांना सायकल आवडली, रंग कोणालाच आवडला नाही.

डेव्हिडबद्दल बोलायचे तर माझ्या लक्षात राहिले ते असे की फटका मारल्यावर अ‍ॅलिस त्याच क्षणी त्याला सोडून निघते. सोकोरोमध्ये नवरा मुलावर ओरडत असे तेव्हा ती मधे पडून दोघांची समजूत काढत असे. डेव्हिड बरा की वाईट यापेक्षा तिची पाठ फिरवण्याची गती किती वाढली, हे मी पाहिले.

मोगरा_आणि_कात्री

मावशी, नमस्कार. तुमच्या प्रतिसादानंतर काही लिहिणे कठीण आहे, तरी फ्लोबद्दल कोणी बोलले नाही म्हणून लिहिते. डायान लॅड यांची फ्लो पहिल्यांदा अ‍ॅलिसला आणि आपल्यालाही नकोशी वाटते, तोंडाने फटकळ, आवाज मोठा, शिव्या मोजायला बोटे कमी पडावीत. मग दोघी हसता हसता मैत्रिणी होतात आणि फ्लो तिला गळ्यातला सेफ्टी पिनांचा क्रूस दाखवून सांगते की मला यानेच धरून ठेवले आहे. माझ्या मते चित्रपटातील खरे प्रेमप्रकरण या दोघींचे आहे. अ‍ॅलिस मोकळेपणाने रडते ती डेव्हिडजवळ नाही, फ्लोजवळ.

अवांतर: लॅड यांची मुलगी लॉरा डर्न तेव्हा सात वर्षांची होती आणि खानावळीत आइस्क्रीम खाणारी छोटी मुलगी तीच आहे. 1991 च्या 'रॅम्बलिंग रोझ'साठी पुढे मायलेकींना एकाच वर्षी ऑस्कर नामांकन मिळाले.

जुना_प्रेक्षक

अवांतरात भर घालतो. बर्स्टिन यांना या भूमिकेसाठी ऑस्कर मिळाले तेव्हा त्या ब्रॉडवेवर नाटकात काम करत होत्या, म्हणून पुरस्कार स्कॉर्सेसी यांनी स्वीकारला. लॅड यांनाही नामांकन होते, पण तो पुरस्कार इन्ग्रिड बर्गमन यांच्याकडे गेला. पुढे या कथेवरून 'अ‍ॅलिस' ही दूरचित्रवाणी मालिका निघाली, जी सीबीएस या अमेरिकन वाहिनीवर 1976 ते 1985 अशी चालली. खानावळीचा मालक मेल हा दोन्हीकडे विक टेबॅक यांनीच केला. मालिकेत खानावळ फिनिक्सला हलवली गेली आणि अ‍ॅलिस तेथे नऊ हंगाम वाढपीच राहिली. धागाकर्तीच्या आक्षेपाला याहून मोठा पुरावा मी देऊ शकत नाही.

पटकथाप्रेमी

मालिकेचा दोष चित्रपटाच्या माथी मारू नये. आपल्याकडच्या 'उंबरठा'ची तुलना मात्र करावीशी वाटते, शांता निसळ यांच्या कादंबरीवरून जब्बार पटेल यांनी 1982 मध्ये केलेल्या चित्रपटाची. सुलभा महाजन शिकलेली आहे, सासर सुखवस्तू आहे, तिला कोणी मारत नाही, आणि तरीही ती महिलाश्रमाच्या नोकरीसाठी उंबरठा ओलांडते. तिला मुलगी मागे ठेवावी लागते. अ‍ॅलिस निघते ती मुलाला शेजारी बसवून. सुलभा शेवटी आगगाडीत एकटी असते आणि अ‍ॅलिस मुलाबरोबर रस्त्याने चालत असते. स्वातंत्र्याची किंमत म्हणून मूल गमावणे ही अट एका कथेत आहे आणि दुसऱ्या कथेत नाही, एवढ्यावर दोन्ही शेवटांचा रंग बदलतो.

मोगरा_आणि_कात्री

सुलभेला टाळ्या कोणी वाजवत नाही, हाही फरक आहे.

सावली_उन्हातली

सर्व प्रतिसाद वाचून काल रात्री शेवटची पंधरा मिनिटे पुन्हा पाहिली. माझे मत पूर्ण बदललेले नाही. खानावळीतील टाळ्या मला अजूनही खटकतात, आणि जुना_प्रेक्षक म्हणतात तशी त्यात थट्टा असली तरी ती थट्टा माझ्यापर्यंत पोहोचली नाही.

पण मी एक चूक केली होती. माझ्या आठवणीत चित्रपट त्या टाळ्यांवर संपत होता. तो तेथे संपत नाही. त्यानंतर अ‍ॅलिस आणि टॉमी टूसॉनच्या रस्त्याने चालत जातात, टॉमी म्हणतो की त्याला माँटेरेला जायचे नाही, आणि ती म्हणते की गायिका व्हायचेच असेल तर ती कोठेही होता येईल. हे ती डेव्हिडला सांगत नाही, मुलाला सांगते. मग दोघे पाठमोरे चालत राहतात आणि पुढे रस्त्यावर एक पाटी दिसते, तिच्यावर 'माँटेरे व्हिलेज' असे लिहिलेले आहे.

दोनदा चित्रपट पाहून ही पाटी माझ्या नजरेतून सुटली होती. आता ती दिलासा म्हणून लावली आहे की टोमणा म्हणून, हे कोणी सांगू शकेल का? केतकीताई, ती पाटी अजून आहे का?

टूसॉनची_केतकी

आमच्याकडे मागच्या तीस वर्षांत टिकलेल्या पाट्या मोजक्याच आहेत, त्यामुळे पन्नास वर्षांपूर्वीच्या पाटीची आशा धरत नाही. रविवारी तरीही त्या बाजूला चक्कर मारते. पाटी सापडली तर छायाचित्र येथेच डकवीन आणि नाही सापडली तर जवळच्या खानावळीत कॉफी पिऊन वाढणाऱ्या बाईला चांगली टीप देऊन येईन.

मावशी_दादरच्या

केतकी, पाटी नाही सापडली तरी आम्हाला सांग. आणि टीप रोखीत दे.